मोठ्या माणसांचा वाढदिवस घरीच, साधेपणानं करावा का?

शहापूरकर:
आमच्या भागात आता चाळिशी-पन्नाशीतल्यांचे वाढदिवसही ढाब्यावर होऊ लागलेत. चौकात फ्लेक्स, रात्री बाराला फटाके. माझं मत स्पष्ट आहे: मोठेपणी वाढदिवस घरच्यांबरोबरच करावा. सकाळी पाटाभोवती रांगोळी, आई ओवाळते, निरांजनाबरोबर सुपारी आणि सोन्याची अंगठी फिरते. दुपारी शेवयांची खीर नाहीतर वाटीभर कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. धारवाडला दिलेली बहीण सकाळच्या बसनं येते. भाऊ वेगळे झाले, पोरं बेंगळूर-पुण्याला गेली, की लग्न-बारशाशिवाय सगळे एका पंगतीला बसतातच कुठे? हे निमित्त मला फार मोलाचं वाटतं.

खानापूरची सून:
दादा, खीर कोण ढवळतं ते लिहायचं राहिलं. घरी वीस माणसं जेवणार म्हणजे सासूबाई आणि मी पहाटेपासून स्वयंपाकघरात. माझ्या वाढदिवसालाही पुरण मीच वाटते. त्यापेक्षा हॉटेलात मसाला डोसा बरा. निदान सगळ्यांबरोबर बसून गरम खायला मिळतं.

निपाणीचे तात्या:
मला दोन्ही पटत नाही. आमच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनीच ती लिहिली. आईला एवढंच आठवायचं की तेव्हा शेतात तंबाखूची लावण चालली होती. ओवाळायचं ते पोरांना. मोठ्यांची एकदम साठीशांत, आणि नशिबात असेल तर ८१ च्या सुमाराला सहस्रचंद्रदर्शन, कारण तोवर हजार पौर्णिमा बघून होतात. मधली वर्षं कामाची.

अनगोळचा:
तात्या, माझ्या वडिलांचीही कागदावर १ जूनच होती. आई त्याच तारखेला त्यांना ओवाळायची. तारीख खरी नव्हती, पण त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसायचे आणि आम्हा भावंडांना जवळ बोलावून पेढा भरवायचे. साठीच्या आधीच गेले. साठीची वाट बघत बसलो असतो तर हे काहीच आमच्या वाट्याला आलं नसतं.

निपाणीचे तात्या:
हे मात्र खरं, बाळ. तरी दरवर्षी कशाला, यावर मी ठाम आहे.

शहापूरकर:
खानापूरच्या वहिनी, तुमच्या मुद्द्याला बगल देत नाही. ज्याचा वाढदिवस त्यानं शेगडीपाशी जायचं नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. बायकोच्या वाढदिवसाला मी आणि मुलगा पुलाव-कोशिंबीर करतो, कुंदा विकतचा, आणि तिला माझी आई ओवाळते.

खानापूरची सून:
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे लेकीला ओवाळतात, सुनेला नाही. आणि वीस माणसं बोलावली की ते घरगुती राहतच नाही, घरातल्या पाच-सहा जणांचंच जेवण करावं. मला एकदा पाटावर बसवलं, की हॉटेलचा हट्ट मी सोडते.