मुद्दलाला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

तिसरा_मजला

नमस्कार. वय 68, नाशिक, सिडको. मोबाईलवर मराठी टाइप करायला नातीने शिकवलंय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे हे 72 चे. अंबडच्या एका कंपनीत टूलरूमला 31 वर्षं काढली. पेन्शन पीएफवाली, 2,840 रुपये. बाकी सगळं व्याजावर. ज्येष्ठ नागरिक योजनेत 24 लाख आहेत. 2023 साली मर्यादा 30 लाख झाली तेव्हा 8.2 टक्क्यांनी टाकले, तिमाहीला 49,200 येतात. पोस्टाच्या मासिक योजनेत दोघांच्या नावे 9 लाख, त्याचे महिन्याला 5,550. शिवाय बँकेत 11 लाखांची एफडी. तिचं घरात नावही काढायचं नाही, व्याज आपोआप मुद्दलात जातं. हिशोबाची वही रोज संध्याकाळी उघडते, म्हणून आकडे तोंडपाठ.

आता गंमत ऐका. महिन्याला पावणेपंचवीस हजार येतात, आम्ही वीसच्या आत भागवतो आणि उरलेल्याची हे पुन्हा आरडी लावतात. बहात्तराव्या वर्षी!

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 51 पायऱ्या. माझा उजवा गुडघा गेलाय. भाजीसाठी दोरीला पिशवी बांधून खाली सोडते. गेल्या पावसाळ्यात सलग 19 दिवस मी जमिनीवर पाय ठेवला नव्हता. पाथर्डी फाट्याला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये एक जुना टू बीएचके 44 लाखांना आहे. आमचा 34 ला जाईल. वरचे 10 आणि सरकारी खर्च वेगळा. यांचं एकच पालुपद: मुद्दलाला हात लावायचा नाही, ते पोरांचं आहे.

पोरांनी कधी मागितलेलं नाही. मुलगा-सून वाकडला, दोघं नोकरीला, घराचे हप्ते निघतायत. मुलगी छत्रपती संभाजीनगरला, तिचंही बरं चाललंय.

यांना सगळाच दोष देत नाही हं. सिन्नर तालुक्यातलं गाव. बहात्तरच्या दुष्काळात एकोणिसाव्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. सासरे गेले तेव्हा मागे ठेवलं काय, तर सोसायटीचं कर्ज. ते यांनी 11 वर्षं फेडलं. आपल्यामागे पोरांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, हे यांच्या हाडात मुरलंय. पण हाडं मलाही आहेत की.

तर विचारायचं असं, की पैसे मोडून घर बदलावं का? तुमच्या घरी काय झालं ते सांगा. उपदेश नको, तो व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येतो.

---

डोंबिवली_ते_एडिसन

काकू, आमच्या घरी झालं ते सांगतो.

आई चार वर्षं अंथरुणाला होती. रात्रीची बाई ठेवा म्हणून मी न्यू जर्सीहून दर रविवारी फोनवर भांडायचो. बाबा म्हणायचे, परवडत नाही. स्वतः रात्री तीनदा उठायचे, वय 79. मी पाठवलेल्या पैशांतून बाई ठेवतील असं मला वाटायचं. आधी आई गेली, मग वर्षाच्या आत बाबा. कपाट उघडलं तर 17 एफडींच्या पावत्या, एकूण 58 लाख. त्यातले बरेच मीच पाठवलेले. प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने, बाबांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, ‘चिरंजीवासाठी’.

त्या पावत्या मोडायला तीनदा भारतात आलो. पैसे अजून तसेच पडून आहेत. काय करायचं त्यांचं ते सुचत नाही.

काकांना हे वाचून दाखवा. नको, राहू दे, तुम्हीच ठरवा.

---

जुना_कॅशियर

ताई, 34 वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यामुळे थेट हिशोबावर येतो.

पहिली गोष्ट. ती 11 लाखांची एफडी मोडली तर तुमचं मासिक उत्पन्न एक रुपयानेही कमी होत नाही. कारण तिचं व्याज तुम्ही खातच नाही! ज्येष्ठ नागरिक योजना आणि पोस्ट, दोन्ही जागच्या जागी राहतात. साहेबांना एवढंच वाक्य सांगा आणि उठून चहा टाका.

दुसरी. 11 लाख एकाच बँकेत असतील तर ठेव विमा 5 लाखांपर्यंतच असतो. बँक कोणती ते विचारत नाही, पण बँका बुडताना लोकांचे चेहरे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेत.

तिसरी. खरेदीखत एकट्या तुमच्या नावावर करा. महाराष्ट्रात स्त्रीने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 2021 पासून. 44 लाखांवर 44 हजार वाचतात. साहेबांचं नाव सोबत लावलंत की सूट गेली.

आजारपणाचं म्हणाल तर साहेब सत्तरीपुढचे आहेत, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला 5 लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत ते मात्र आधी बघून ठेवा. त्यातूनही गळ्याशी आलं तर ज्येष्ठ नागरिक योजना मुदतीआधी मोडता येते. दोन वर्षं झाली असतील तर मुद्दलाच्या 1 टक्का कापतात, बाकी हातात येतं.

आणि मृत्युपत्र करा. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घरोघरी आहे आणि चुकीचा आहे. दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्या आण्णांनी मला 31 व्या वर्षी 6 लाख दिले, बागेच्या तारा-अँगलसाठी. त्या वेळी माझ्याकडे जमीन होती आणि हातात काही नव्हतं. तेच पैसे आण्णांच्या मागे, माझ्या पंचावन्नाव्या वर्षी मिळाले असते, तर त्यातून मी फार तर गाडी घेतली असती. म्हणून मला काका अगदीच चुकीचे वाटत नाहीत. फक्त द्यायचं तर गरज असताना द्यावं. ‘मेल्यावर मिळेल’ यात देणाराही उपाशी आणि घेणाराही.

आणि शेतीचं वेगळं असतं बरं का. एफडी मोडतो म्हणणं आणि वाडवडिलांची जमीन विकतो म्हणणं, दोन्ही एका तराजूत घालू नका. जमीन आमच्याकडे आली तशी पुढे जाते. तुमचा पैसा तुमच्या घामाचा आहे, त्यावर तुमचा हक्क पहिला.

---

पंचगंगाकाठची

दिंडोरीवाले दादा, तुमचे आण्णा भाग्यवान, मुलगा चांगला निघाला.

माझ्या मावशीने राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. 200 रुपयांच्या मुद्रांकात काम होतं, वर थोडा अधिभार, म्हणून लोक भराभर करतात. दीड वर्षात मावशी माडीवरच्या खोलीत, स्वतःच्या घरात सुनेला विचारून चहा करायची. शेवटी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत ऑफिसला अर्ज केला. त्यातलं कलम 23 असं सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण मावशीच्या कागदात तशी अटच लिहिलेली नव्हती. ‘पोटच्या पोराला काय अटी घालायच्या?’ वकिलांनी पुढच्या तारखा सोडून दुसरं काही सांगितलं नाही.

तिसरा मजला ताई, घर घ्या. आणि जिवंतपणी कुणाच्या नावावर करू नका.

---

उगाच_एक

51 पायऱ्या!! मी 29 वर्षांचा आहे, दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि सिलिंडर आला की आजारी पडतो. घ्या हो आजी फ्लॅट.

---

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लिहिलं नाही, कारण घरात अबोला होता.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, बाबांनी मला कधी विचारलंच नाही. घ्या ना.” मुलगी आधी जरा गप्प राहिली, मग “हो, घ्या” म्हणाली. ती गप्प का राहिली ते मी विचारलं नाही. लग्नात तिला दिलं ते आणि भावाला शिक्षणाला दिलं ते, हा हिशोब तिच्या वहीत वेगळा असणार. घर माझ्या नावावर झालं की मृत्युपत्रात काय लिहायचं ते मी बघेन.

एडिसनच्या मुलाचं मी यांना वाचून दाखवलं. ऐकलं, काही बोलले नाहीत, गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मी आत कुकर लावला.

पण खरं सांगू? घोडं पुढे सरकलं ते कॅशियर भाऊंमुळे. 44 हजार वाचतात म्हटल्यावर यांनी स्वतः वही मागून घेतली, चष्मा पुसला, एक टक्का दोनदा करून पाहिला. मग म्हणाले, “सूट चालू आहे तोवर घेतलेलं बरं.” माझ्या गुडघ्याने तीन वर्षांत जे जमलं नाही ते एका टक्क्याने केलं.

शनिवारी फ्लॅट बघून आलो. यांनी लिफ्टने चार वेळा वरखाली केलं. वॉचमनला विचारलं, वीज गेली तर काय? जनरेटर आहे म्हणाला, तर तो चालू करून दाखव म्हणाले. त्याने दाखवला बिचाऱ्याने. 51 हजार टोकन दिलं. पावती माझ्या नावावर.

आरडी मात्र बंद केलेली नाही. नव्या घरात न्यायचीय म्हणे.