तुरुंग की वृद्धाश्रम?

खवचट_काका: म्हाताऱ्या कैद्यांना कमोड द्या, मऊ भात द्या, अशी पोस्ट फिरतेय. मग आर्थर रोडला वृद्धाश्रमच म्हणा की! गुन्हा करताना गुडघे दुखत नव्हते?

लालबागची_मंदा: दोन दिवस गप्प बसले, आता बोलतेच. कुठला गुन्हा? आत असतात त्यातले चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले. तळोजा जेलात आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सनमुळे पेला धरवेना, तर सिपरसाठी, म्हणजे नळीच्या पेल्यासाठी, कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला ८४व्या वर्षी गेले, तोवर खटला सुरूही झाला नव्हता.

खवचट_काका: आलं राजकारण!

बदलापूर_स्लो: राजकारण जाऊ दे. मार्च २०२० पासून रेल्वेने ज्येष्ठांची सवलत बंद केली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. आम्ही कोकणकन्येचं पूर्ण तिकीट काढायचं आणि यांना कमोड!

खवचट_काका: लाख बोललात. परवा हिला अप्पर बर्थ. वय ६९! टीसी म्हणतो, कुणाला तरी विनंती करा.

बदलापूर_स्लो: आणि लोकलमध्ये ज्येष्ठांच्या सीटवर कॉलेजची पोरं, कानात बोंडं घालून.

लालबागची_मंदा: धाग्याने कुर्ल्याला रूळ बदलला वाटतं.

बदलापूर_स्लो: तुम्हाला काय, तुम्ही बसने जात असाल.

भांडुपचा_पक्या: माझे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. हिशेबाच्या भानगडीत ७१व्या वर्षी आत गेले. कुठल्या जेलात, ते नको. उकिडवं बसवत नव्हतं म्हणून पाणी पिणंच सोडलं. संडासातून उठायला एक पाकीटमार पोरगा हात द्यायचा. हॉस्पिटलची तारीख आली की न्यायला पोलीस गार्ड नाही. पुढची तारीख, परत गार्ड नाही. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा पाय सुजून चप्पल चढेना. सोळा महिन्यांनी निर्दोष सुटले. आता घरी कमोड आहे, तरी पाणी घोटभरच पितात.

खवचट_काका: वाईट झालं. पण तुमचे वडील वेगळे.

भांडुपचा_पक्या: तेव्हा पेपरात 'भामटा सेक्रेटरी' छापून आलं होतं. तुम्हीही वाचून चहाबरोबर शिव्याच घातल्या असत्या.

खवचट_काका: घातल्या असत्या. बरं बाबा, द्या कमोड. गार्डही द्या. खुन्यांना मात्र नाही!

लालबागची_मंदा: संडास एकच असतो काका. दारावर यादी लावणार?

खवचट_काका: मऊ भात तरी नको.

बदलापूर_स्लो: आणि आमच्या सवलतीचं काय?