बाँडने स्वतःच्या पैशाने घड्याळ घेतलं असतं तर कोणतं?

घड्याळवेडा: मंडळी, रिकामटेकडा प्रश्न आहे. सिनेमे जरा बाजूला ठेवू, तिथे १९९५ पासून ओमेगाच चालू आहे. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतला बाँड घ्या, बाप स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोचा, आई स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातली आणि स्वतः रॉयल नेव्हीचा कमांडर. घराणं, नोकरी, राहणीमान सगळं बघता या माणसाने काय घातलं असतं? माझं मत ओमेगाचं सीमास्टर, पण धाकटा भाऊ म्हणतो रोलेक्सच्या सबमरिनरशिवाय बाँड नाहीच.

डोंबिवली_फास्ट: भाऊ सिनेमात अडकलाय :) शॉन कॉनरीने १९६२ ला 'डॉक्टर नो' सिनेमात सबमरिनर घातलं ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पुस्तकात नुसतं रोलेक्स ऑयस्टर पर्पेच्युअल म्हटलंय, मॉडेल नाही. पण बाँड एकदा मनाशी म्हणतो की जड असतात पण चालतात, आणि अंधारात मोठे आकडे दिसतात. आता सबमरिनरवर बहुतेक ठिपके नि कांड्याच, आकडे असतात ते रोलेक्सच्याच एक्सप्लोररवर, ३-६-९, आणि फ्लेमिंग स्वतः तेच वापरायचा. वर बाँडसाहेब तेच घड्याळ मुठीवर चढवून पहारेकऱ्याला ठोसा हाणतात, घड्याळाचा चुराडा. असल्या माणसाला नाजूक काही देऊन फायदा काय? शिवाय रोलेक्स १९०५ ला लंडनमध्ये सुरू झालं आणि मग जिनिव्हाला गेलं, म्हणजे तेही बाँडसारखंच अर्धं ब्रिटिश, अर्धं स्विस.

खारावारा: सीमास्टरला इतक्यात बाद करू नका हो. १९९५ च्या 'गोल्डनआय' सिनेमाच्या वेळी कपडेपट बघणाऱ्या लिंडी हेमिंगनेच ते निवडलं, म्हणणं असं की नेव्हीतला, पाण्यात उतरणारा माणूस असलंच घालेल. मला पटतं. मात्र हल्लीचं ४२ मिमीचं धूड डिनर जॅकेटच्या कफाखाली कसं जातं देव जाणे.

चावीवाली_काकू: अरे पण आईचं माहेर कोणी बघतच नाहीये! व्हो म्हणजे व्हॅले द जू खोरं ज्या प्रांतात आहे तोच, घड्याळजींचं आगर. तिथल्याच ल सांतिए गावात जेजर-लकूल्त्र ही घड्याळ कंपनी. महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्याने बारा कंपन्यांकडून हातातली घड्याळं बनवून घेतली त्यात हेही होते, काळी डायल, चमकणारे आकडे, खाली सेकंदाचा छोटा काटा, डायलवर सरकारी बाणाची खूण, चावीचं, आणि आकार जेमतेम ३५ मिमी. आजोळचं घड्याळ आणि सरकारचा शिक्का, अजून काय पाहिजे?

डोंबिवली_फास्ट: काकू, मग त्यांचंच रिव्हर्सो का नको, १९३१ चं? आपल्याकडे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काचा फुटायच्या म्हणून उलटं फिरणारी केस काढली ना ती.

चावीवाली_काकू: छे, फार नटवं. आणि बाँड गोल्फ खेळतो, पोलो नाही.

घड्याळवेडा: काकूंचं ऐकून माझं सीमास्टर डळमळायला लागलंय. फक्त एक शंका, चावीचं घड्याळ हा माणूस रोज आठवणीने भरेल का? रात्री कुठे असेल त्याचा पत्ता नाही. ऑटोमॅटिक एक्सप्लोरर निदान हातावर असेपर्यंत चालत तरी राहील.