पुढारपण रक्तात असतं म्हणे! मग आंग्र्यांचं आरमार का फुटलं?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
आमच्या गावच्या ग्रुपवर एका ज्येष्ठांनी लिहिलं, "पुढारपण रक्तात असावं लागतं. मंडळाने पोरांसाठी नेतृत्व शिबिर घेणं म्हणजे वर्गणीची नासाडी. शिबिरातून कान्होजी निघत नसतात." खाली अंगठ्यांची ही रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर भावकी पेटली असती, म्हणून इथे लिहितोय.

कान्होजींचंच घेऊ. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीला. पोरगा गलबतं, वारे, उधाण आणि किल्ल्यावरची माणसं बघत वाढला. यात रक्त किती आणि उमेदवारी किती, हे त्या ज्येष्ठांनी वेगळं करून दाखवावं. बरं, रक्तच धरू. १७२९ ला कान्होजी गेले, चार वर्षांत थोरला लेक सेखोजी गेले, आणि संभाजी व मानाजी, एकाच बापाचे लेक, एकमेकांवर उठले. १७३५ ला बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला. रक्त तेच होतं ना?

आता चरी. अलिबाग तालुक्यातला १९३३ ते १९३९ चा शेतकऱ्यांचा संप. नारायण नागू पाटील पुढारी, हे सगळ्यांना माहीत. पण सहा वर्षं जमीन न कसता उपाशीपोटी टिकायचं तर प्रत्येक वाडीत कोणीतरी बाकीच्यांना धरून ठेवणारा लागतो. ती माणसं कुळंच होती. पिढ्यान्‌पिढ्या खोतासमोर मान खाली. त्यांच्या रक्तात कुठली सरदारकी होती?

किल्लेदार
आरमार भावांनी नाही बुडवलं. १७५६ ला पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांच्या नेतृत्वाला त्यात नावं ठेवू नका.

वाशिष्ठीकाठ
नाही ठेवत. पण पेशव्यांना मध्ये शिरायला दार कोणी उघडून दिलं?

रापणकर (मालवण)
मास्तरांनू, पुस्तकातले आंग्रे पुरे झाले. एकदा रापणीक येवा.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं तुमच्या भाषेत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोरांनी ओढायचं मोठं जाळं. आमच्याकडे दोन भाऊ आहेत. एकाच होडीवर वाढले, एकाच बापाने शिकवले. थोरला किनाऱ्यावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो आणि सांगतो, थांबा, आत्ता होडी लोटू नका. पन्नास माणसं दोर हातात धरून गप्प उभी राहतात. धाकटा तेच बोलला तर चौघं उलट विचारतात, "तुका काय कळता?" शिक्षण तेच, बाप तोच. हे जन्मजात नाही तर काय?

आणि शिबिरवाल्यांनी आम्हाला शिकवूच नये. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ ला राज्याने निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर २०१७ ला केंद्राने बंदी आणली. तरी रात्री समुद्रात लखलखाट. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांपैकी कोणाकडे शिबिराचं सर्टिफिकेट होतं?

देवरूखकर_पुण्यात
दोघेही थोडे थोडे बरोबर. मिनेसोटातल्या संशोधकांनी २००६ मध्ये जुळ्या पुरुषांचा अभ्यास मांडला. नेतृत्वाच्या जागेवर कोण पोचतो यातल्या फरकापैकी साधारण ३० टक्के वाटा आनुवंशिक निघाला.

वाशिष्ठीकाठ
म्हणजे ७० टक्के आमचे. आभारी आहे.

देवरूखकर_पुण्यात
तसं नव्हे हो. ती टक्केवारी माणसामाणसांतल्या फरकाची असते. एका माणसात ३० टक्के रक्त नि ७० टक्के शिबिर असा हिशेब होत नाही. शिवाय उरलेलं सगळं शिक्षणच असं कोणी म्हटलं? त्यात परिस्थिती आली, नशीब आलं.

रापणकर
मिनेसोटाक समुद्र आसा काय?

जुना_राजापूरकर
नाथ पै ऐकलेत का कोणी? वेंगुर्ल्याचा माणूस, १९५७ पासून आमचा खासदार. मैदान गप्प व्हायचं. ते शिकवून येत नाही. पण १९७१ ला ते गेल्यावर आले मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत पदार्थविज्ञान शिकवायची. नाथांसारखी वाणी नव्हती, पण १९९१ पर्यंत राजापूरने त्यांना सोडलं नाही. कोकण रेल्वेचा तगादा लावणं हा काही रक्ताचा गुण नव्हे, ती चिकाटी. तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

सुपारीबाग (श्रीवर्धन)
इतकं लिहिलंत सगळ्यांनी आणि एकही बाई नाही. बाप, भाऊ, खासदार, आरमार.

मी राखीव जागेवर सरपंच झाले. पहिल्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगचं रजिस्टर सहीसाठी माझ्यासमोर ठेवलं आणि बोलत राहिले माझ्या नवऱ्याशी. मी सही केली. घरी येऊन रडले. मग नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक घरी आणलं, भाच्याला बसवलं आणि एकेक ओळ समजून घेतली. पुढच्या सभेत विचारलं, पाइप कागदावर चार इंची, चरात तीन इंची, हे कसं? नवऱ्याकडे बघून उत्तर द्यायला लागले, तर नवराच म्हणाला, "मला काय विचारता?"

राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्याआधी आमच्या रक्तात काय पाणी होतं? ज्यांना खुर्ची वारशाने मिळते त्यांनाच ती रक्तातली वाटते.

किल्लेदार
सगळ्याच तुमच्यासारख्या नसतात ताई. आमच्याकडे अजून सरपंचपतीच कारभार बघतात.

सुपारीबाग
मग त्यांना जाब विचारा. मला का ऐकवताय?

गिरणगावकर (लालबाग)
रक्त-बिक्त सोडा. कोकणातला पुढारी मुंबईने घडवला. गिरणीत युनियन, चाळीत गणपती, वर गावचं मंडळ. हिशेब लिहिणं, माइकवर बोलणं, वर्गणी काढणं सगळं तिथे शिकलो. गावात राहिलेले अजून पालखी आधी कोणाच्या दारात यावरून डोकी फोडतायत. सभामंडप आमच्या पैशांवर उभा आहे, हे विसरू नका.

गावातच_राहतो
वाटच बघत होतो कधी सभामंडप येतो त्याची. शिमग्याला यायचं, चार दिवस हुकूम सोडायचे, फणस-काजू बांधून परत. गेल्या पावसात आमचा पऱ्ह्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव (लाकडी पूल) वाहून गेला तेव्हा तुमच्यासारख्याच एका मंडळाने ग्रुपवर लिहिलं, "लवकरात लवकर पर्यायी व्यवस्था व्हावी, ही विनंती." कोणाला विनंती? पऱ्ह्याला?

गिरणगावकर
तुमच्या मंडळाचं मला सांगू नका. आमच्या पैशांवर जगता आणि वर तोंड करून बोलता.

गावातच_राहतो
जगतो? तुमच्या बंद घरांची कौलं पावसाआधी कोण शाकारतं ते विचारा आईला.

जुना_राजापूरकर
आईवर जाऊ नका. विषय काय होता?

गावातच_राहतो
विषयच सांगतो. तो साकव परत कोणी घातला? आमच्या वाडीत गुरं राखणारा एक माणूस आहे. ग्रामसभेत कधी तोंड उघडलं नाही, फोटोत कधी पुढे आला नाही. सगळे काठावर छत्र्या धरून "पंचायतीने करायला हवं" म्हणत असताना तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पोफळीची दोन खोडं कशी टाकायची ते हातानेच दाखवलं. मग एकेक करत सगळे उतरले. दुपारपर्यंत शाळेची पोरं पलीकडे.

रापणकर
हा बघा. झाला ना सिद्ध? जन्मजात.

वाशिष्ठीकाठ
खोडं कशी टाकायची हे पोटातून शिकून आला होता?

गावातच_राहतो
नाही. त्याचा बाप दर पावसाळ्यात साकव घालायचा, हा लहानपणापासून सोबत. पण बाकीच्यांचे बापही असायचे की तिथे. पाण्यात पहिला हाच उतरला.

रापणकर
बरा. खोडा शिकलो, उतरणा जन्माचा. अर्धा तुमचा, अर्धा माझा. माझा अर्धा मोठा.

गिरणगावकर
असा माणूस असेल तर त्याला निवडणुकीला उभा करा. खर्च आमचं मंडळ बघेल. टोमणा नाही हा.

गावातच_राहतो
सरपंचपद महिलेला राखीव आहे.

सुपारीबाग
मग त्याच्या बायकोला विचारा. त्याच्यामार्फत नको, थेट तिला.

गावातच_राहतो
विचारलं. म्हणाली, "साकवाला लावलेल्या आमच्या पोफळीचे पैसे पंचायतीने अजून दिलेले नाहीत. आधी ते काढून द्या, मग बोलू."

सुपारीबाग
अर्ज भरा तिचा.