'आशा लाजवत नाही' म्हणजे काय?

प्रश्नकर्ती: मैत्रिणीच्या घरी भिंतीवर फ्रेम पाहिली, 'आशा लाजवत नाही.' मला आधी छपाईची चूकच वाटली. आपण शाळेत 'आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला' घोकलं. आशा म्हणजे पाश, माणसाला आशाळभूत करणारी. ती लाजवत नाही कशी?

वसईचा वाचक: चूक नाही. बायबलमधलं, प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय 5, वचन 5. मूळ ग्रीकमध्येही लाज आणणं, फजिती करणं हाच अर्थ आहे. ज्याच्यावर भिस्त ठेवली त्याने ऐनवेळी हात वर केले की चारचौघांत मान खाली जाते, ती ही लाज. पोप फ्रान्सिस यांनी 2025 च्या ज्युबिली वर्षासाठी, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षासाठी, काढलेल्या पत्राचं लॅटिन नाव म्हणजे हेच वचन. पण फ्रेमवर अर्धंच आलंय. पुढे 'कारण' आहे: पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. म्हणजे प्रीती आधीच पदरात पडलेली. आशा तिच्या जोरावर.

व्याकरणवेडा: क्रियापदं बघा. आशा लागते, तेव्हा माझा इलाज नसतो. आशा लावतो तो दुसराच कुणी, बहुधा फसवायला. आशा धरतो मात्र मी. पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायात प्रीती 'सर्वांची आशा धरते' आणि लगेच धीरही धरते. वाक्याचा कर्ता प्रीती आहे, हे सहसा निसटतं. पोरगं दहादा नापास झालं तरी 'होईल हो पास' म्हणणारी आई घ्या. तिला अपेक्षा म्हणता येणार नाही, अपेक्षा हिशेब मागते.

प्रश्नकर्ती: मग 'उमेद' का नको? आशेचा बदलौकिक तरी टळला असता.

व्याकरणवेडा: उमेद आपली आपल्यात असते, म्हणून ती खचते. आशेला समोर कुणीतरी लागतं. (जाता जाता: 'प्रीती' आता सिनेगीतांत आणि चर्चमध्येच उरलीय. दोन्हीकडचे अर्थ मात्र फार लांबचे.)

वसईचा वाचक: शृंखलेवरून आठवलं. हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, राहाब नावाची बाई खिडकीला खुणेचा किरमिजी दोर बांधते, हल्ल्यात घरच्यांचा जीव वाचावा म्हणून. त्या दोरालाही मुळात हाच शब्द आहे! म्हणजे दोर तिकडेही आहेच. आपल्या श्लोकातला माणसाला बांधून पळवतो, राहाबेचा घर वाचवतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला नांगर म्हटलंय. आमच्याकडे कोळीवाड्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नांगर दिसत नाही, होडी वाहून जात नाही एवढंच दिसतं.

व्याकरणवेडा: आणि दिसलं की आशा संपते, हेही पौलच रोमकरांना सांगतो. दिसणाऱ्याची आशा कोण धरील? विश्वास, आशा, प्रीती या तिघांत त्याने प्रीतीला श्रेष्ठ ठरवलं ते मला तरी यामुळेच पटतं. भेट झाल्यावर वाट पाहणं उरत नाही, प्रीतीला तर तेव्हाच काम लागतं.

प्रश्नकर्ती: मैत्रिणीला विचारलं, अर्धंच वचन का? म्हणाली, फ्रेम छोटी होती.