प्रात्यक्षिकाचे गुण अंतिम निकालात धरावेत का?

खडूफळा:
अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझं मत सरळ सांगतो: प्रात्यक्षिक सक्तीचं ठेवा, पण त्याचे गुण टक्केवारीतून काढा. शेरा फक्त 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण'.

का ते एका प्रसंगातून सांगतो. साधा लंबक, लांबी एक मीटर, २० आंदोलनांचा वेळ मोजायचा. एका मुलीने स्टॉपवॉच सुरू करतानाच 'एक' म्हटलं. तोंडाने मोजली २०, प्रत्यक्षात झाली १९. वेळ आला ३८.१ सेकंद आणि गुरुत्वत्वरण १०.९, यायला हवं ९.८. तिने शेजारणीची वही पाहिली, ३८.१ खोडून ४०.१ लिहिलं आणि ९.८ काढून दाखवलं. मी विचारलं तर म्हणाली, "उत्तर चुकलं तर गुण जातात ना सर." मोजणी शून्यापासून करायची असते, हे तिचं तिला पाच मिनिटांत सापडलं असतं. गुणांच्या धास्तीने ती पाच मिनिटं गेली.

इंग्लंडने ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखी तिथली परीक्षा) २०१५ पासून हाच बदल केला. दोन वर्षांत किमान १२ प्रयोग, त्याचा शेरा वेगळा, ग्रेडशी संबंध नाही. प्रयोगावरचे प्रश्न लेखी परीक्षेत येतात, निदान १५ टक्के गुणांचे.

तिसरे_बाक:
अजिबात पटलं नाही. ज्याला गुण नाहीत ते वेळापत्रकातून आधी गायब होतं. मी ज्या कॉलेजात बारावी केली तिथे प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेच्या तीन आठवडे आधी निघालं. तेही ३० गुण होते म्हणून. नसते तर निघालंच नसतं.

आणि लेखीतले १५ टक्के? 'लंबकाच्या प्रयोगात घ्यावयाची काळजी लिहा' याचं उत्तर दोरा हातात न धरता पाठ होतं. मी केलं होतं.

खडूफळा:
तुमच्याच उदाहरणात ३० गुण होते आणि तरी वर्षभर कुलूप होतं. मग गुणांनी नेमकं काय साधलं? तीन आठवड्यांत जर्नल उतरवून झालं, एवढंच ना? वर्गातल्या बहुतेकांना ३० पैकी २८-२९ पडत असतील तर त्या आकड्यावरून कोणाला काय येतं हे कळत नाही. लेखीच्या ७० गुणांत मात्र फरक दिसतो.

तिसरे_बाक:
तीन आठवडे तर तीन आठवडे, त्यात मी पहिल्यांदा व्हर्निअर (बारीक लांबी मोजायचं उपकरण) हातात धरलं. ते मला विसरता येत नाही. २८-२९ सगळ्यांना पडतात हा मूल्यमापनाचा दोष आहे, प्रयोगाचा नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात आणि तिथे मुलांमुलांत चांगला फरक पडतो. कारण प्रयोग आधी माहीत नसतो.

ब्युरेट:
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, तिथलं सांगते. टायट्रेशनला (ब्युरेट या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्याची तीव्रता काढायची) सगळ्या टेबलांवर एकाच तीव्रतेचं द्रावण ठेवलं की पहिल्या मुलाचं १०.१ मिलिलीटर वर्गभर फिरतं. तीन वाचनं, तिन्ही १०.१. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग फिका हवा तो गडद झालाय, म्हणजे थेंब जास्त पडलेत, आणि वहीत तरीही १०.१.

आम्ही एकच बदल केला. पाच वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं, बाटलीवर फक्त क्रमांक, यादी माझ्याकडे. दुसऱ्याचं वाचन उपयोगाचं राहिलं नाही. शिवाय अर्धे गुण उत्तराला न देता वाचनं खरी असण्याला आणि आलेल्या फरकाचं कारण सांगण्याला ठेवले. त्या दिवशी प्रथमच कोणीतरी वहीत लिहिलं, 'पहिलं वाचन सोडून दिलं, ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा होता.' मी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली.

त्यामुळे गुण काढू नयेत, गुण कशाला द्यायचे ते बदलावं.

बारावीची_आई:
ब्युरेटताई, तुमच्यासारखं करणारे किती? आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात) २० टक्के गुण मुलाने स्वतः प्रश्न निवडून केलेल्या शोधकामाला असतात, नमुने बाहेरचे परीक्षकही तपासतात. कल्पना फार चांगली आहे. पण असं काम घरी आलं की ज्याच्या घरात अभियंता आहे त्याचं काम वेगळं दिसतं. मी स्वतः मुलाचा आलेख 'जरा नीट' करून दिला आहे. ते चूक होतं. माझा कल खडूफळा सरांकडे आहे.

ब्युरेट:
म्हणून मोजमाप आणि लिखाण दोन्ही प्रयोगशाळेतच, वही तिथेच जमा. आमच्याकडे तसंच करतो. वेळ जास्त लागतो हे खरं. २० मुलांच्या तुकडीला दोन तास पुरत नाहीत.

खडूफळा:
बुडबुड्याचं वाक्य वाचून थांबलो. माझ्या त्या मुलीने 'मोजणी एकपासून सुरू केली' असं लिहिलं असतं तर आत्ताच्या गुण देण्याच्या तक्त्यात त्याला एकही गुण नव्हता. तो तक्ता मीच वापरत होतो.

बोर्डाच्या परीक्षेत गुण नकोत हे मत अजून कायम आहे, कारण तिथे परीक्षक दिवसाला अनेक तुकड्या उरकतो. पण वर्गातल्या प्रयोगाचा तक्ता या सत्रात बदलतो. प्रत्येक टेबलाला वेगळ्या लांबीचा दोरा देणार. ताई, फरकाचं कारण सांगण्याला तुम्ही तोंडी विचारता की वहीतच लिहून घेता?

ब्युरेट:
आधी वहीत, मग तोंडी एकच प्रश्न. उलट केलं तर लाजरी मुलं मागे राहतात.