मदत हवी आहे: ई-स्कूटर आणि सोलरची 'दीड लाखाची सूट' नेमकी कुठे भरायची?

भूगोलवाला (परभणी)

नमस्कार मंडळी. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वारे, खडक, पर्जन्यछाया काहीही विचारा, सांगतो. आयकर म्हटलं की मात्र घाम फुटतो. फेब्रुवारीच्या पगारातून कर कापायची वेळ आली आहे, म्हणून घाईघाईने धागा काढतोय.

गेल्या दसऱ्याला बॅटरीवरची स्कूटर घेतली. पैसे रोख द्यायचे ठरले होते, हिच्या भिशीचे आलेले होते. पण शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, रोख नका देऊ, कर्ज करा. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाला दीड लाखाची टॅक्स सूट आहे." म्हणून एक लाखाचं कर्ज केलं. त्याच दिवाळीत गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. तिथेही बसवणारा म्हणाला की याची पण सूट मिळते, तुमच्या सीएला विचारा. आम्हाला कुठला आलाय सीए!

या दीड लाखाच्या भरवशावर मी नोव्हेंबरमध्ये कार्यालयात लिहून दिलं की मला जुनी करप्रणाली लावा. आता बाबू म्हणतात, सूट कोणत्या कलमाखाली ते लिहा आणि कागद जोडा. माझे आकडे असे: वर्षाचा एकूण पगार १३,६०,०००. ८०सी (पीएफ, विमा वगैरे बचतीची वजावट) पूर्ण भरतं, दीड लाख. घरकर्जाचं व्याज दोन लाखांच्या वर जातं. आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे २५,०००.

प्रश्न दोन. स्कूटरचे दीड लाख कुठे दाखवायचे? आणि सोलरचे कुठे?

आवळासुपारी (अंबाजोगाई)

सर, मला बी हेच विचारायचं होतं. आमच्या गल्लीत तिघांना असंच सांगितलंय. धाग्यावर बसून राहते.

तिजोरी (लातूर)

सर, मी कोषागारातून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा आधी वाईट बातमी देतो. दोन्ही कुठेच दाखवायचे नाहीत.

तो मुलगा सांगत होता ते कलम ८०ईईबी. खोटं नव्हतं, शिळं होतं. २०१९च्या अर्थसंकल्पात आलं. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. पण अट अशी की कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं हवं. त्या काळात ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना ते फिटेपर्यंत वजावट मिळत राहते. तुमचं ऑक्टोबर २०२५चं. दार बंद होऊन अडीच वर्षं झाली. विवरणपत्रात मंजुरीची तारीख विचारतात, त्यामुळे 'चालून जाईल' असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि समजा तारीख बसली असती, तरी काय मिळालं असतं? वजावट व्याजाची आहे, गाडीच्या किमतीची नाही. लाखाच्या कर्जावर या सहा महिन्यांत तुम्ही व्याज किती भरलं, चार-पाच हजार? तेवढीच. दीड लाख हे छत आहे, सर. छत दहा फुटांवर असलं म्हणून घरातला माणूस दहा फुटांचा होत नाही.

आता खरा घोळ. तुम्ही जुनी प्रणाली निवडली तो. हिशेब करून टाकतो, वही काढलीच आहे.

जुनी: १३,६०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी दीड लाख, विमा २५,०००, घरकर्ज व्याज २,००,००० (वर किती का असेना, राहत्या घराला तेवढंच). उरले ९,३२,५००. कर ९९,०००, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १,०२,९६०.

नवी: फक्त प्रमाणित वजावट ७५,०००. उरले १२,८५,०००. कर ७२,७५०, उपकर धरून ७५,६६०.

नव्या प्रणालीत तुम्हाला २७,३०० कमी लागतात. तुम्ही त्या हवेतल्या दीड लाखाची वजावट धरून जुन्या प्रणालीत ७१,७६० काढले असणार आणि चार हजार वाचले म्हणून खूश झाला असणार. बरोबर?

भूगोलवाला (परभणी)

अगदी बरोबर. ७१,७६० हाच आकडा माझ्या कागदावर आहे. आता काय करू? बाबू म्हणतात फेब्रुवारीचं बिल गेलं.

तिजोरी (लातूर)

जाऊ द्या. बाबूंशी भांडू नका, त्यांची चूक नाही. कापतील ते कापू द्या. तुम्हाला धंद्याचं उत्पन्न नाही, नुसता पगार आहे, त्यामुळे प्रणाली दरवर्षी बदलता येते आणि शेवटचा निर्णय विवरणपत्र भरताना होतो, कार्यालयात काय लिहून दिलं त्यावर नाही. फॉर्म १६, म्हणजे कार्यालयाने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, जूनमध्ये हातात येईल. विवरणपत्रात नवी प्रणाली ठेवा, जास्तीचा कर परताव्याने खात्यावर येईल. जुलैअखेरची वाट बघू नका, लवकर भरा. बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या, नाहीतर परतावा अडकतो.

गोदाकाठची (नांदेड)

भूगोलसर, वाईट वाटून घेऊ नका. हा सगळा गोंधळ आपल्याकडच्या 'सूट' या शब्दाचा आहे. दुकानात भाव कमी केला तरी सूट, टॅक्समधून वजा केलं तरी सूट, सरकारने खात्यात टाकलं तरी सूट!

माझा मुलगा टेक्सासला आहे. त्याने गेल्या वर्षी छतावर सोलर बसवलं, तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम तिथे थेट भरायच्या करातून वजा होते. उत्पन्नातून नाही, करातून. त्याला ते क्रेडिट म्हणतात. म्हणजे कर दहा रुपये असेल आणि क्रेडिट तीन, तर सातच भरायचे. आपल्याकडची वजावट तशी नसते. ती उत्पन्नातून जाते आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे त्यातला वीस किंवा तीस टक्केच फायदा दिसतो. तिथेही आता ते संपलं म्हणा. नव्या इलेक्ट्रिक गाडीचं ७,५०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ला बंद झालं आणि घराच्या सोलरचं ३१ डिसेंबर २०२५ला. माझ्या लेकाने डिसेंबरात रात्रंदिवस त्या बसवणाऱ्याच्या मागे लागून काम उरकून घेतलं. फोनवर दुसरं काही बोलतच नव्हता, मला वाटलं घरात काही बिनसलं की काय.

दवाखाना (जालना)

एक भर. आयकरात सोलरचा फायदा मिळतो, पण धंदेवाल्यांना. मी दवाखान्याच्या छतावर पॅनल टाकलं, ते व्यवसायाची मालमत्ता म्हणून ४० टक्के घसाऱ्याने (वस्तू झिजते त्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट) वजा होतं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी निम्मा, म्हणजे २० टक्के. इलेक्ट्रिक वाहन धंद्यासाठी घेतलं तरी दर तोच. उलट मला पीएम सूर्यघरचं, म्हणजे छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या योजनेचं, अनुदान नाही, ते फक्त घरगुती जोडणीला. पगारदाराला घसारा नाही आणि डॉक्टरला अनुदान नाही.

भूगोलवाला (परभणी)

डॉक्टरसाहेब, म्हणजे मला जे मिळायचं होतं ते मिळालंच आहे? डिसेंबरात खात्यावर ७८,००० आले होते.

तिजोरी (लातूर)

झालं मग! तीच तुमची सोलरची 'सूट'. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, त्यापुढे कितीही बसवलं तरी ७८,०००वर थांबतं. पूर्ण घेतलंय तुम्ही. वर सप्टेंबरपासून पॅनलवरचा जीएसटी १२चा ५ टक्के झाला, दिवाळीतल्या बिलात तो लागलाय का बघा. स्कूटरवर तर २०१९पासूनच ५ टक्के आहे. स्कूटरच्या बिलावर पीएम ई-ड्राइव्हचे (इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचं केंद्राचं अनुदान) पाच हजारांपर्यंत कमी केलेले दिसतील, आणि राज्याच्या धोरणामुळे मोटार वाहन कर लागलेला नसेल. म्हणजे सरकारने जे द्यायचं ते बिलातच दिलं. आयकरात शोधायला काही उरलं नाही.

समृद्धीवाला (छत्रपती संभाजीनगर)

राज्याच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक चारचाकीला समृद्धीवर टोल माफ आहे. सरांच्या स्कूटरचा त्यात काही उपयोग नाही, दुचाकीला समृद्धीवर येऊच देत नाहीत. पण पुढची गाडी घेताना लक्षात ठेवा.

आवळासुपारी (अंबाजोगाई)

माझं राहिलंच की. आमचं लाईट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. सोलर बसवणारा म्हणतोय, "काही होत नाही, अर्ज टाकून देतो." टाकू का?

तिजोरी (लातूर)

ताई, थांबा. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा. अनुदान ज्याच्या नावावर जोडणी त्याच्या खात्यावर जातं. सासऱ्यांच्या खात्यावर पाठवून काय उपयोग! आणि अनुदान मिळायचं तर पॅनल देशात बनलेल्या सेलचे हवेत. स्वस्त म्हणून दुसरे गळ्यात मारायला बघतात, कागदावर लिहून घ्या.

बालाघाट (धारूर)

विषय निघालाय म्हणून. सर, पॅनल धुता का न्हाई? आमच्याकडं बोअरचं पाणी मारून मारून वर पांढरा थर बसलाय. मे महिन्यात ऊन एवढं, तर वीज जास्त व्हायला पाहिजे म्हणून बगायलो, तर कमीच होतीय.

भूगोलवाला (परभणी)

अखेर माझ्या विषयातलं काही निघालं! पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का वीज घटते. आपल्या मेमध्ये पत्र्यासारखं तापलेलं पॅनल ६० अंशांवर जातं, म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथेच गेले. थर म्हणजे क्षार. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं, पहाटे, मऊ कापडाने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात मारू नका.

तिजोरी (लातूर)

आरओचं पाणी पॅनलला! सर, २०१६ला आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं होतं, लातूरकरासमोर हे बोलू नका. कोरड्या फडक्यानेच भागवतो मी.

गोदाकाठची (नांदेड)

सर, स्कूटरच्या कर्जाचं काय ठरवलं? भिशीचे पैसे असताना व्याज भरत बसू नका.

भूगोलवाला (परभणी)

बँकेत विचारून आलो आज. मुदतीआधी फेडलं तर थोडं शुल्क आहे, पण उरलेल्या व्याजापेक्षा कमीच पडतंय. भिशीचे पैसे हिने आता पाटल्यांना लावलेत, त्यामुळे जून-जुलैत परतावा आला की त्यातूनच फेडतो. तिजोरीकाका, तुमच्या २७,३००ला आमच्या घरात आत्ताच तीन दावेदार आहेत.

एकच राहिलं. शनिवारी त्याच शोरूमला पहिली सर्व्हिसिंग आहे. त्या पोराला बोलू का?

बालाघाट (धारूर)

बोला की. पण गाडी ताब्यात आल्यावर.